न्हाणीघरातला काटा आणि माझी बदनामी

मित्रांनो, मी एक जुना ट्रेलर आहे, आणि मी रागावलेला आहे. हे आधीच सांगून टाकतो. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला त्यांचा गळा दाटून येतो, असा तुमचा अनुभव असेल. माझा येणार नाही. मला गळा नाही, मान आहे. गाडीला जोडायची, लांब, पोलादी आणि आजही ताठ. माझ्यावर एक आळ आला होता. तो खोटा ठरला, चांगल्या तीन-चार माणसांसमोर खोटा ठरला, आणि तरीही आजवर कुणी माझी माफी मागितलेली नाही.

ट्रकच्या मागे धावणारे माझे थोरले भाऊबंद तुम्ही पाहिले असतील. मी त्यांच्यातला नव्हे. मी मोटारसायकलच्या मागे लावायचा, दोन चाकांचा, वर झाकण असलेला छोटा ट्रेलर. अमेरिकेत मिनेसोटातल्या एका शेडमध्ये मासेमारीच्या होड्या बनवणारा एक कारागीर होता. हिवाळ्यात होड्यांना गिऱ्हाईक नसे, म्हणून त्याने माझे अंग घडवले. त्यामुळे मला उलटा करून तळ्यात सोडले तर मी तरंगेन असा माझा समज आहे. अजून कुणी करून पाहिलेले नाही, आणि पाहूही नये.

विक्रेत्याच्या अंगणात आम्ही तिघे उभे होतो. एक होता लालभडक, पाण्याच्या थेंबासारखा, कडेने दिव्यांची माळ. दुसरा एकाच चाकाचा. तिसरा मी, राखाडी, चौकोनी. मे महिन्यातल्या एका सकाळी व्हर्लिन स्टुबे आणि त्याची बायको आर्लिस तिथे आली. व्हर्लिन एकतीस वर्षे खेड्यापाड्यांत टपाल वाटून नुकताच मोकळा झाला होता. आर्लिस शाळेच्या स्वयंपाकघराची प्रमुख होती. तीनशे मुलांचा बटाटा डोळ्यांनी मोजणारी बाई.

व्हर्लिन सरळ लालभडक ट्रेलरकडे गेला. त्याच्या मोटारसायकलचा रंग तोच होता. त्याने दिव्यांची माळ लावून पाहिली, विझवून पाहिली, पुन्हा लावून पाहिली. मित्रांनो, माणूस बायको निवडताना एवढा वेळ रंगावर घालवत असेल की नाही, मला ठाऊक नाही. ट्रेलर निवडताना घालवतो.

 आर्लिस मोटारीकडे गेली आणि एक काळी पेटी घेऊन आली. तिच्यात तिच्या वडिलांचा कॉन्सर्टिना होता. मधे भाता, दोन्ही बाजूंना बटणांच्या रांगा, मांडीवर घेऊन वाजवायचा. वजनाने चांगला भरलेला. तिने ती पेटी लालभडक ट्रेलरात ठेवली. झाकण लागेना. एकचाकीत ठेवली तर तो बिचारा एका बाजूला कलला. मग माझ्यात ठेवली. आडवी, सपाट, पुढच्या भिंतीला टेकून. झाकण लागले. खट्.

"हा," आर्लिस म्हणाली.

व्हर्लिनने माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाला, "वेगळाच आहे हं."

इथे थोडे थांबतो, कारण या शब्दाचा राग मला अजून आहे. आमच्या भागातली माणसे कुणाला वाईट म्हणत नाहीत. तोंडातून शिवी जात नाही. एखादी गोष्ट अगदीच भिकार असली की ती म्हणतात, वेगळी आहे. शेजारणीने खारट भात रांधला तर वेगळा. जावयाने केस जांभळे केले तर वेगळे. आणि स्तुती करायची झाली तर "वाईट नाही" म्हणतात. याच्यापुढे स्तुती जात नाही. म्हणजे माझ्या आयुष्यातले पहिले वाक्य शिवी होते.

विक्रेता मात्र जाणता माणूस निघाला. रंग सोड, म्हणाला, याचे दोन गुण बघ. मानेच्या टोकाला फिरता सांधा आहे, म्हणजे वळणावर तुझी मोटारसायकल कलली तरी हा सरळ उभा राहील. आणि चाके मोठी आहेत. लहान चाक दुप्पट गरगरते आणि तापते. मग त्याने हाताने माझी मान उचलून दाखवली. "सगळी गोम इथं आहे. भरल्यावर याचं वजन दोनशे पौंड, तर मानेवर वीस पाहिजे. दहावा हिस्सा. जास्त झालं तर तुझी गाडी मागे बसेल. कमी झालं तर हा शेपटी हलवेल, आणि मग तुझं रक्षण देवच करील. घरचा वजनकाटा घे, मान त्याच्यावर टेकव, आणि मोज."

घरचा वजनकाटा. तोच माझा वैरी.

आता आर्लिसला मी कशासाठी हवा होतो ते ऐका. व्हर्लिन अकरा उन्हाळे त्याचा मित्र गॉर्डी पाव्हेल्का याच्याबरोबर मोटारसायकलवरून भटकत होता. आर्लिस मागच्या आसनावर बसून जात असे. कॉन्सर्टिना घरी राही, कारण तो ठेवायला जागा नव्हती. दरवर्षी जूनमध्ये नॉर्व्हाल्ड गावी कॉन्सर्टिना वाजवणाऱ्यांचा मेळा भरतो. तिथे शनिवारी दुपारी तीन वाजता तिचे वडील छत्तीस वर्षे वाजवत आले. ते गेल्यावर ती वेळ तीन वर्षे रिकामी होती. यंदा मेळ्याच्या लोकांनी आर्लिसला विचारले होते. पत्र स्वयंपाकघरातल्या कपाटाला चुंबकाने लावलेले होते. आर्लिसने नवऱ्याला एवढेच सांगितले होते की मागच्या आसनावर बसून यायचे तर पेटीसकट येईन, आणि पेटीला जागा नसेल तर या वर्षापासून ते आसनही रिकामे राहील. शांतपणे सांगितले होते. त्यामुळेच व्हर्लिन घाबरला होता.

निघायच्या आदल्या दिवशी आर्लिसने मला भरले. तीनशे मुलांच्या स्वयंपाकघराची शिस्त. कॉन्सर्टिना पुढच्या भिंतीला, तंबू आसाच्या बरोबर वर, मागे उशा, टॉवेल आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा. मी माझ्या मानेतून जाणले, वीस पौंड. ना एक अधिक, ना एक उणा. असे सुख मला पुन्हा फारसे मिळाले नाही.

मग व्हर्लिन न्हाणीघरातला वजनकाटा घेऊन आला. गोल तबकडीचा, रबरी पाठीचा, फिक्कट हिरवा. त्याने माझी मान त्याच्यावर टेकवली आणि वाकून पाहिले.

"बत्तीस," तो म्हणाला.

मित्रांनो, मला तोंड असते तर तिथेच भांडण झाले असते. बत्तीस? माझी मान, माझे वजन, आणि मला सांगतोय बत्तीस? मी आर्लिसकडे पाहिले. तिने तोंड उघडले. मिटले. पुन्हा उघडले आणि म्हणाली, "कॉफी ठेवते."

ती का गप्प बसली ते मला नंतर कळले, पण तुम्हाला आत्ताच सांगतो, म्हणजे तुम्हीही माझ्याबरोबर रागावाल. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरने व्हर्लिनला वीस पौंड उतरवायला सांगितले होते. व्हर्लिन हो म्हणाला, आणि चर्चच्या तळघरातल्या जेवणात पाईचे, म्हणजे फळांचे गोड सारण भरून भाजलेल्या जाड पोळीचे, दोन तुकडे खाऊन आला. त्या आठवड्यात आर्लिसने काट्याच्या पोटाखालचे छोटे चाक अंगठ्याने फिरवले. काटा बारा पौंड जास्त दाखवू लागला. व्हर्लिन सकाळी त्याच्यावर उभा राही, खाली बघे, उसासा टाके आणि लोणी न लावता पाव खाई. उपाय लागू पडला होता. आर्लिस स्वतः त्याच काट्यावर उभी राही तेव्हा मनातल्या मनात बारा वजा करी. तिच्याइतके वजाबाकीत तरबेज माणूस आमच्या तालुक्यात नसेल.

आता बोलावे तर दोन वर्षांची लबाडी बाहेर पडते, आणि पाई परत येते. न बोलावे तर काय, थोडे वजन इकडचे तिकडे. तिला वाटले, काही होत नाही. व्हर्लिनने बत्तीसचे वीस करायचे ठरवले. कॉन्सर्टिना पुढून काढला, थेट मागच्या टोकाला नेऊन ठेवला आणि पुन्हा मोजले. काटा म्हणाला वीस. व्हर्लिनने समाधानाने हात चोळले.

माझ्या मानेवर आठ पौंड उरले होते. आठ. माझी मान आधाराविना वर तरंगू पाहत होती, आणि तो हात चोळत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. गॉर्डी स्वतःच्या मोटारसायकलवर मागून येत होता. हा गॉर्डी म्हणजे मनाने बरा, तोंडाने फाटका. मला बघितल्याबरोबर त्याने विचारले की वरात कुणाची आहे. व्हर्लिन कसनुसा हसला. आर्लिस हसली नाही. पन्नास मैल मी जीव मुठीत धरून सरळ चाललो. मग उघडे रान लागले, मक्याची शेते, आडवा वारा. एक मोठा ट्रक बाजूने गेला आणि त्याच्या झोताने मला डावीकडे ढकलले. मी सावरलो तो उजवीकडे गेलो. पुन्हा डावीकडे. प्रत्येक झोक्याला जास्त. मागे बसलेली जड पेटी मला ओढत होती, आणि पुढे माझ्या मानेवर मला धरून ठेवायला काही नव्हते. मोटारसायकल थरथरू लागली. आर्लिसने नवऱ्याच्या कमरेभोवती घातलेले हात इतके घट्ट झाले की त्याच्या जाकिटाच्या शिवणी ताणल्या.

व्हर्लिनला श्रेय देतो. त्याने ब्रेक दाबला नाही. हळूहळू वेग कमी केला, आणि मी शांत झालो. पहिल्या गावात गुरांच्या खाद्याचे एक दुकान होते, तिथे तो वळला, उतरला, आणि हेल्मेट काढून त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी त्याला चावलो होतो.

गॉर्डी मागून आला. "गाईच्या शेपटीवर माशी बसल्यासारखा हलत होता," तो म्हणाला. "मी म्हटलं, आता बहुतेक कथा सांगायला मला एकट्यालाच परत जावं लागणार."

"तूच ने हा," व्हर्लिन म्हणाला. "गोठलेल्या तळ्यावर मासेमारीला घे. तिथं वळणं नाहीत."

मग व्हर्लिनने बेत ठरवला. मला या दुकानामागे सोडायचे. कॉन्सर्टिनाही इथेच ठेवायचा, परतताना न्यायचा. कपडे मोटारसायकलच्या कातडी थैल्यांत मावतील. जीव महत्त्वाचा, वाजवणे पुढच्या वर्षीही होईल. तो हे बोलला चांगल्या मनाने.  पण पुढच्या वर्षी त्या तीनच्या वेळेसाठी कुणी पत्र पाठवणार नव्हते, हे आर्लिसला माहीत होते आणि मलाही. नॉर्व्हाल्ड तिथून चाळीस मैल होते. वाजले होते साडेबारा.

दुकानाची मालकीण बर्निस दारात उभी राहून ऐकत होती. सत्तरीची, एप्रन बांधलेली. तिने सगळ्यांना आत बोलावले, कॉफी ओतली आणि विचारले, रुबार्बच्या आंबट देठांची पाई आहे, खाणार का? आमच्याकडे पहिल्या वेळी नाही म्हणायचे असते. दुसऱ्या वेळी, तुम्ही उगीच त्रास घेता, म्हणायचे. तिसऱ्या वेळी, बरं, अगदी लहानसा तुकडा, म्हणायचे. बर्निसने तिन्ही वेळा विचारले. व्हर्लिनने तिन्ही वेळा नाही म्हटले. तिसऱ्या नकाराला बर्निस जरा दुखावली.

"डॉक्टर," व्हर्लिन म्हणाला. "दोन वर्षं झटतोय. सकाळीच बघितलं, अजून दोनशे सोळा."

आर्लिस कोपऱ्यात बघत होती. तिथे पोती मोजायचा मोठा काटा होता, जमिनीलगत लोखंडी फळी, वर सरकते वजन, दांडीवर सरकारी शिक्का. तिने कॉफीचा कप खाली ठेवला. दार उघडे होते, मी बाहेरून सगळे पाहत होतो. तिने एकदा माझ्याकडे पाहिले. मित्रांनो, मला वाटते, त्या वेळी तिने माझ्या मानेकडे पाहिले.

"व्हर्लिन," ती म्हणाली. "त्या काट्यावर उभा राहा."

"मी काय पोतं आहे?"

"राहा."

व्हर्लिन मोजणीच्या बाबतीत काटेकोर माणूस. त्याने जाकीट काढले, बूट काढले, किल्ल्या काढल्या, मोठ्या बकलाचा पट्टा काढला आणि मोज्यांवर फळीवर चढला. बर्निसने वजन सरकवले, दांडी स्थिर झाली.

"दोनशे चार."

"सोळा," व्हर्लिनने दुरुस्ती केली.

"चार," बर्निस म्हणाली. "या काट्यावर सगळ्या गावाचा मका मोजला जातो, बाबा. मक्याने कधी तक्रार केली नाही."

गॉर्डी म्हणाला, काय रे, वाटेत बारा पौंड सांडलेस की काय, मी मागेच होतो, मला काही दिसलं नाही.

"काटा चुकलाय," व्हर्लिन म्हणाला.

"चुकलाय," आर्लिस म्हणाली. "पण हा नाही. आपला. मी चुकवलाय."

व्हर्लिनने दांडीकडे पुन्हा वाकून पाहिले. 

"कधी?"

"डॉक्टरकडे जाऊन आलास त्या आठवड्यात. खालचं चाक. बारा पौंड."

व्हर्लिन मोज्यांवर उभाच राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून दोन वर्षे सरकताना मी पाहिली. दोन ईस्टर, दोन नाताळ, बहिणीच्या मुलीचे लग्न, आणि तिन्ही वेळा नाकारलेले पाईचे किती तुकडे, देव जाणे. तो रागावेल असे मला वाटले. खरे सांगतो, मला ते हवे होते. एवढा वेळ मी एकटाच रागावलो होतो.

"म्हणजे," तो शेवटी म्हणाला, "मानेवर बत्तीस नव्हते."

"वीस होते. मी भरलं तेव्हा बरोबर वीस होते. तू पेटी मागं नेलीस तेव्हा आठ राहिले." मग ती म्हणाली, "मला गॅरेजमध्येच बोलायला पाहिजे होतं. आज मी मागं बसले होते, तेव्हा तेच म्हणत होते मनात. काटा, काटा, काटा."

त्यांनी मला आणून माझी मान त्या मोठ्या काट्यावर टेकवली. बर्निसने वजन सरकवले. आठ. व्हर्लिनने झाकण उघडले, कॉन्सर्टिना दोन्ही हातांनी उचलला, पुढे आणला आणि भिंतीला टेकवला. पुन्हा मोजले. वीस.

"वाईट नाही," बर्निस म्हणाली. माझ्याविषयी, मित्रांनो. एका परक्या बाईने.

मग ती आत जाऊन हात पुसत आली आणि रिवाज म्हणून, उत्तराची वाटही न बघता, म्हणाली, "पाई घेणार का कुणी?"

"हो," व्हर्लिन म्हणाला.

पहिल्याच वेळी. आमच्या भागात असे कुणी करत नाही. बर्निसने पाई कापलीही नव्हती. तिला सुरी सापडेना.  व्हर्लिनने बूटही न घालता दोन तुकडे खाल्ले, आणि आर्लिस समोर बसून ते बघत राहिली.  तिसरा तुकडा मात्र तिने स्वतःकडे ओढून घेतला.

गॉर्डी तिला हळूच म्हणाला, "हे वेगळंच केलंस हं, आर्लिस."

"माहीत आहे," ती म्हणाली.

उरलेले चाळीस मैल मी एका रेषेत चाललो. ट्रक आले, गेले. आडवा वारा होताच. मी हललो नाही. पावणेतीनला आम्ही पोहोचलो, आणि तीन वाजता सभागृहाच्या उघड्या खिडकीतून कॉन्सर्टिनाचा भाता फुलल्याचा आवाज मी बाहेर अंगणात ऐकला. आत पावले फरशीवर थिरकू लागली. ते वर्णन मी करणार नाही. मी रागावलेला आहे, हे विसरू नका.

कारण गॉर्डीने जेवणाच्या टेबलावर गोष्ट सांगितली ती बर्निसची, काट्याची आणि पाईची. "शेपटी हलवणारा ट्रेलर" हे शब्द तसेच ठेवले. तो ट्रेलर निर्दोष होता, हे सांगायला तो दरवेळी विसरला. लोकांना पाई आवडते, न्याय आवडत नाही.

त्यानंतर चौदा उन्हाळे मी त्यांच्या मागे धावलो. व्हर्लिनने पुढे माझी मान कधी न्हाणीघरातल्या काट्यावर टेकवली नाही; मासे टांगून मोजायचा काटा आणला. न्हाणीघरातला काटा त्याने सरळ केला होता म्हणे. पण दुसऱ्या वर्षी आर्लिसला तो सहा पौंड कमी दाखवताना सापडला, आणि तो कुणी फिरवला हे घरात कुणी विचारले नाही.

मग मोटारसायकल विकली गेली. आर्लिसची बोटे आखडली. मी गॅरेजमध्ये आलो. मला वाईट वाटले ते रिकामे राहण्याचे नाही. मला भरले, त्याचे. नाताळचे दिवे, रंगाचे डबे, मोडक्या खुर्च्या, सगळे मागच्या टोकाला टाकले, कारण झाकण तिकडून उघडायला सोपे. मागे वजन, पुढे काही नाही. त्यामुळे माझी मान हवेत वर गेली आणि सहा वर्षे तशीच राहिली. येणारा जाणारा तिच्यावर टोपी अडकवी.

म्हणून मित्रांनो, कळकळीने सांगतो. तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला पुसा, त्याच्या चाकांत हवा भरा, जड सामान आसाच्या पुढे ठेवा. आणि एखादा वाकडा चालू लागला तर त्याला विकायच्या आधी तुम्ही त्याला कसे भरलेत ते एकदा बघा. तुम्ही ज्या काट्यावर त्याला मोजलेत, त्याच्या पोटाखालीही हात घालून बघा.

मागच्या आठवड्यात गॅरेजचे दार उघडले. आर्लिस आली. आता ब्याऐंशीची आहे. तिने माझ्या मानेवरची टोपी काढली, वर गेलेल्या मानेकडे बराच वेळ पाहिले, आणि एकेक करून रंगाचे डबे मागून पुढे आणू लागली. दम लागला की थांबे. सहाव्या डब्याला माझी मान हळूच खाली आली आणि जमिनीवर टेकली. ठक्. व्हर्लिन दारात येऊन काठीवर रेलून उभा होता.

"वाईट नाही," तो म्हणाला.

आता त्याने ते कुणाला म्हटले, बायकोला की मला, हे स्पष्ट झाले नाही. मी विचारू शकत नाही, आणि त्यालाही ते सुचले नाही.

माझा राग गेला का? नाही गेला. थोडा उतरला आहे. बारा पौंडांनी.